आघाडी दिसतेय, पण फेरी कितवी?

निकालाच्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी टीव्ही लावा. पडद्याच्या खालच्या पट्टीत आकडे धावायला लागलेले असतात. अमुक पक्ष बारा जागांवर पुढे, तमुक नऊ जागांवर. आपण चहाचा कप हातात घेऊन बेरीज करायला बसतो. त्याच मिनिटाला मतमोजणी केंद्रात काय चाललेलं असतं? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर टपाली मतांची पाकिटं फुटत असतात. मोठ्या पाकिटात एक घोषणापत्र आणि एक छोटं पाकीट, त्या छोट्या पाकिटात मतपत्रिका. घोषणापत्रावर सही आहे का, साक्षांकन आहे का, दोन्हीकडचा क्रमांक जुळतो का, हे सगळं बघून झाल्यावर मग छोटं पाकीट उघडायचं. मतदान यंत्रांची मोजणी सुरू होते साडेआठला. म्हणजे ८ वाजून १० मिनिटांनी सांगण्यासारखं तिथे जवळपास काहीच नसतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी पत्रकार परिषदेत जाहीरपणे हा मुद्दा मांडला. साडेआठला मोजणी सुरू होते आणि आठ पाच, आठ दहालाच कल दिसू लागतात, हे निरर्थक आहे, असं ते म्हणाले. आपला एक्झिट पोल बरोबर होता हे दाखवण्यासाठी तर हे आकडे येत नाहीत ना, असा प्रश्नही त्यांनी विचारला.

त्याच्या आठवडाभर आधी हरियाणात याचा पुरता अनुभव आला होता. ८ ऑक्टोबरची सकाळ. ९० जागांच्या विधानसभेत वाहिन्यांवर काँग्रेस बहुमताच्या बरीच पुढे. दिल्लीत पक्षाच्या मुख्यालयाबाहेर ढोल वाजले, जिलेबी वाटली गेली. दहाच्या सुमारास चित्र उलटलं आणि संध्याकाळी हिशोब लागला तेव्हा भाजप ४८, काँग्रेस ३७. मधल्या दोन तासांत आयोगाच्या संकेतस्थळावर आकडे हळू चढत होते आणि वाहिन्यांवर धावत होते, त्यामुळे काँग्रेसने आयोगाकडे तक्रारही केली. आयोगाने ती फेटाळली. खरं तर दोन्हीकडे आकडे वेगळे दिसण्याचं कारण अगदी साधं आहे. ते समजून घ्यायला मोजणीच्या टेबलाजवळ जावं लागेल.

चौदा टेबलं आणि एक जाळी

विधानसभेच्या एका मतदारसंघासाठी साधारणपणे १४ टेबलं मांडतात. टेबलांच्या आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या मध्ये जाळी असते. पहिल्या फेरीत बूथ क्रमांक १ ते १४ ची यंत्रं येतात, दुसऱ्या फेरीत १५ ते २८ ची. मोजणी पर्यवेक्षक कंट्रोल युनिटचं सील जाळीपलीकडच्यांना दाखवतो, ते तोडतो आणि निकालाचं बटण दाबतो. छोट्याशा पडद्यावर एकेका उमेदवाराचा क्रमांक आणि त्याची मतं येत जातात. जाळीला नाक लावून उभे असलेले प्रतिनिधी ती वहीत उतरवून घेतात.

आता दोन वाटा फुटतात. प्रतिनिधीच्या वहीतला आकडा लगेच बाहेर पडतो, कार्यकर्त्यांकडे जातो, तिथून बातमीदाराकडे आणि तिथून पडद्यावर. अधिकृत आकड्याला मात्र चौदाही टेबलं संपेपर्यंत थांबावं लागतं. तक्ता भरला जातो, निरीक्षक तपासतात, निवडणूक निर्णय अधिकारी सही करतात, मग फेरी जाहीर होते आणि संकेतस्थळावर चढते. त्यामुळे वाहिनी पुढे आणि आयोग मागे, हे दर निकालाला घडतं. त्यात कट शोधायची गरज नाही.

पण गंमत त्याच्याही पुढची आहे. बूथचे क्रमांक गावागावांप्रमाणे ओळीने दिलेले असतात. म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांत तुम्हाला अख्खा तालुका दिसत नाही, तालुक्याचं एक टोक दिसतं. एखाद्या उमेदवाराचं गाव त्या टोकाला असेल तर तो आठ हजारांनी पुढे दिसणार, आणि शहराची पेटी उघडली की मागे पडणार. (पेट्या गेल्या, यंत्रं आली, तरी तोंडात शब्द ‘पेटी’च राहिला आहे.) तीनशे बूथांचा मतदारसंघ म्हणजे बावीस फेऱ्या. मोजणी केंद्राबाहेरचा मुरलेला कार्यकर्ता म्हणूनच ‘किती मतांनी?’ असं आधी विचारत नाही. तो विचारतो, ‘कितवी फेरी?’ टीव्हीच्या पट्टीत नेमकं हेच उत्तर बहुतेक वेळा नसतं, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की ते असायला हवं.

जिंकले, जिंकले... थांबा

२ मे २०२१, पश्चिम बंगालमधलं नंदीग्राम. दुपारी बातमी आली की ममता बॅनर्जी १,२०० मतांनी जिंकल्या. वाहिन्यांनी ती धडाधड चालवली. अधिकृत निकाल लागला तेव्हा भाजपचे शुभेंदू अधिकारी १,९५६ मतांनी विजयी.

१३ मे २०२३, बंगळुरूमधलं जयनगर. काँग्रेसच्या सौम्या रेड्डी जिंकल्याच्या बातम्या झळकल्या. फेरमोजणी झाली, रात्र झाली, आणि भाजपचे सी. के. राममूर्ती निवडून आले. फरक १६ मतांचा.

आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे मुंबई उत्तर पश्चिम. ४ जून २०२४. एका बाजूला शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर, दुसऱ्या बाजूला ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर. यंत्रांतली सगळी मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि वायकरांना ४,५१,०९४. एक मत! नऊ लाखांहून जास्त मतं दोघांत वाटली गेली आणि फरक एका मताचा. मग टपाली मतं धरली. वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. बेरीज करा: वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्या दिवशी कीर्तिकर जिंकल्याच्या बातम्याही फिरल्या होत्या. ज्याने फक्त यंत्रांचा आकडा पाहिला त्याला ते पुढे दिसले यात नवल नाही. पण ‘पुढे’ आणि ‘विजयी’ हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि निवडून आल्याचं प्रमाणपत्र एकाच्याच हातात पडतं.

त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभेत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी, बेलापूरचा ३७७ मतांनी. एकेका टेबलावरच्या एका यंत्रात यापेक्षा जास्त मतं असतात. अशा ठिकाणी शेवटची फेरी बाकी असताना कुणाला विजयी म्हणणं म्हणजे नाणं हवेत असतानाच छापा सांगण्यासारखं आहे.

पाच वाजता ५८, रात्री ६५, दुसऱ्या दिवशी ६६

निकालाच्या आकड्यांवर निदान संध्याकाळपर्यंत पडदा पडतो. मतदानाच्या टक्केवारीचं भांडण महिनोन्महिने चालतं. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात मतदान झालं. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के. रात्री साडेअकराच्या सुमारास ६५.०२ टक्के. शेवटी पक्का आकडा ६६.०५ टक्के. राज्यातले मतदार ९ कोटी ७० लाख. पाचच्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक काढला तर तो ७६ लाख मतांच्या आसपास येतो. एवढी मतं संध्याकाळनंतर आली कुठून, हा प्रश्न गावागावांत विचारला गेला.

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला पुन्हा बूथवर जाऊ.

संध्याकाळचे सहा. केंद्राध्यक्ष दारात येऊन मतदानाची वेळ संपल्याचं जाहीर करतात. आवारात रांग उभी आहे. आता नियम असा की जो सहाच्या ठोक्याला रांगेत आहे, तो मत देणारच. मग चिठ्ठ्या वाटल्या जातात, केंद्राध्यक्षांच्या सहीच्या आणि क्रमांक घातलेल्या. आणि त्या वाटायला सुरुवात होते रांगेच्या शेपटापासून. सगळ्यांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला चिठ्ठी क्रमांक १. त्याच्या पुढच्याला २. असं करत करत दरवाजापर्यंत. का? कारण पुढून वाटल्या तर मागे कुणीही येऊन उभं राहील. शेपटाला एक नंबर दिला की रांग बंद झाली. कुणा शहाण्या माणसाने ही युक्ती काढली असेल, त्याला माझा नमस्कार.

ती रांग आठ वाजेपर्यंत चालते, कधी नऊ. राज्यात बूथ लाखभर. ७६ लाख भागिले एक लाख, म्हणजे बूथमागे सरासरी ७६ माणसं. आणि ही सगळी पाचनंतरच आली असंही नाही. पाचचा आकडा म्हणजे पाच वाजता यंत्रात असलेली मतं नव्हेत, पाचपर्यंत हाती आलेले निरोप. केंद्राध्यक्ष क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोनवर आकडा सांगणार, तो तालुक्याला, तालुका जिल्ह्याला. कुठे फोन लागत नाही, कुठे केंद्राध्यक्ष रांग सांभाळण्यात गुंतलेले. एखाद्या बूथचा पाचचा म्हणून कळवलेला आकडा प्रत्यक्षात चारचाही असतो. आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये आपला हिशोब दिला तो असा: दिवसभरात तासाला सरासरी ५८ लाख मतं पडली, त्या वेगाने शेवटच्या दोन तासांत १ कोटी १६ लाख पडू शकली असती, पडली त्याहून बरीच कमी. सहानंतरच्या मतदानावर आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली.

मला हा हिशोब पटतो. पण दोष मी आयोगाच्याही पदरात टाकेन. टक्के कशाला? माणसं सांगा. नऊ कोटी सत्तर लाखांचा एक टक्का म्हणजे ९ लाख ७० हजार माणसं, आणि अख्ख्या गोव्याची मतदारयादी तेव्हा होती अकरा लाखांहून थोडी जास्त. दशांश चिन्हाच्या पलीकडे एवढी माणसं उभी असतील तर लोकांनी ती मोजून मागितलीच पाहिजेत. लोकसभेच्या वेळी तर कहरच झाला. १९ एप्रिल २०२४ ला पहिला टप्पा झाला आणि त्याची पक्की टक्केवारी आली ३० एप्रिलला. अकरा दिवसांनी! मतदानाच्या संध्याकाळी साठच्या आसपास सांगितलेला आकडा ६६.१४ झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मे रोजी न्यायालयाने निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने पाच टप्प्यांतल्या मतांची प्रत्यक्ष संख्या स्वतःहून जाहीर केली. म्हणजे आकडे होते. मग आधी द्यायला काय हरकत होती?

आकडा उशिरा आला की संशय लवकर येतो. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी आपल्या गावची मतं पुन्हा मोजून बघायची म्हणून मतपत्रिका छापल्या आणि स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्या गावकऱ्यांचा निष्कर्ष बरोबर की चूक हा भाग वेगळा. एका खेड्याला स्वतःची मतमोजणी स्वतः करावीशी वाटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जून २०२५ मध्ये आयोगाने एक चांगली गोष्ट जाहीर केली: फोनाफोनीची साखळी कमी करून केंद्राध्यक्षच दर दोन तासांनी ईसीआयनेट ॲपवर आकडा भरतील, आणि मतदान संपल्यावर केंद्र सोडण्यापूर्वी शेवटचा आकडाही. जिथे रेंज नाही तिथे आकडा फोनमध्ये भरून ठेवायचा आणि रेंज आली की पाठवायचा.

पाच लाख मतांचं कोडं

विधानसभेनंतर आणखी एक बातमी फिरली. मतदान झालं ६,४०,८८,१९५ आणि मोजली गेली ६,४५,९२,५०८. म्हणजे पडलेल्या मतांपेक्षा मोजलेली मतं पाच लाखांनी जास्त! वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकावी अशी बातमी. उत्तर पुन्हा त्या सकाळच्या पाकिटांतच होतं. पहिला आकडा फक्त यंत्रांतल्या मतांचा, दुसऱ्यात टपाली मतंही धरलेली. वैध टपाली मतं होती ५,३८,२२५. ती मिळवली की बेरीज होते ६,४६,२६,४२०, म्हणजे मोजलेल्या मतांपेक्षा उलट थोडी जास्तच.

मग ती थोडी मतं कुठे गेली? त्याचंही एक कारण ऐकण्यासारखं आहे. सकाळी मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात. ती अभिरूप मतं पुसायची राहून गेली, किंवा यंत्रातला आकडा आणि नोंदवलेला आकडा जुळला नाही, तर ते यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात. विजयाचा फरक त्या यंत्रातल्या मतांपेक्षा मोठा असेल तर ते उघडतच नाहीत. त्यामुळे पडलेली मतं जास्त आणि मोजलेली कमी, असं होऊ शकतं. २०२४ च्या लोकसभेचे असे फरक एडीआर या संस्थेने मांडले होते: ३६२ मतदारसंघांत मोजलेली मतं ५,५४,५९८ ने कमी, १७६ मतदारसंघांत ३५,०९३ ने जास्त. प्रत्येक फरकाला काही ना काही कारण असेलही. पण ते कारण त्या त्या मतदारसंघाच्या आकड्यासमोर छापलेलं असलं पाहिजे.

परदेशातही तेच

केनियाने २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पारदर्शकतेची हद्द गाठली. ४६ हजारांहून जास्त केंद्रांच्या निकालपत्रकांचे फोटो काढून सरळ संकेतस्थळावर टाकले. या आणि मोजा! वाहिन्यांनी माणसं बसवली आणि मोजायला सुरुवात केली. पण प्रत्येक वाहिनीने पत्रकं वेगवेगळ्या क्रमाने उचलली. एकीकडे रुटो पुढे, दुसरीकडे ओडिंगा पुढे. कागद तेच, बेरीज बरोबर, आणि तरीही बातम्या उलटसुलट. फेरी न सांगता आघाडी सांगितली की काय होतं, याचा याहून चोख नमुना मला माहीत नाही.

अमेरिकेत राष्ट्रीय निकाल मतदानाच्या रात्री जाहीर करणारं आयोगासारखं कार्यालयच नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून मतं मोजते आणि विजेता सांगते. त्यामुळे तिथल्या चुकाही तेवढ्याच मोठ्या. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये छपाई कामगारांचा संप चालू होता, पानं लवकर लावावी लागत, म्हणून निकालाआधीच ड्यूई जिंकल्याचा मथळा छापला गेला. जिंकले ट्रुमन. तो अंक हातात उंच धरलेला त्यांचा फोटो आजही छापला जातो.

२००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी गोर यांना दिलं, मग काढून घेतलं, मग पहाटे बुश यांना दिलं, तेही काढून घेतलं. गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला आणि पुन्हा फोन करून तो मागे घेतला. त्याच रात्री व्होलुशिया काउंटीत सहाशेही मतदार नसलेल्या एका केंद्रातून गोर यांच्या खात्यात उणे १६,०२२ मतं नोंदली गेली होती. उणे! शेवटचा फरक होता ५३७ मतांचा.

एकदा उलटंही झालं. १९५२ मध्ये सीबीएस वाहिनीने युनिव्हॅक नावाचा खोलीभर संगणक कामाला लावला. मोजक्या मतांवरून त्याने निर्वाचक मतांचा (इलेक्टोरल) अंदाज सांगितला: आयझेनहॉवर ४३८, स्टीव्हन्सन ९३. चुरशीची लढत होणार असं सगळे म्हणत असताना हे कसं दाखवायचं, म्हणून तो आकडा तेव्हा दाबून ठेवला. निकाल लागला ४४२ आणि ८९.

चुकीच्या आकड्याची किंमतही मोजावी लागते. आपल्याकडे ३ जून २०२४ ला लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला आणि दुसऱ्या दिवशी मोजणी चालू असतानाच सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. त्या सोमवारी घाईने शेअर घेतलेल्या माणसाचे पैसे कुठल्याही वाहिनीने भरून दिले नाहीत.

बूथवर बसणाऱ्यांसाठी

या सगळ्या धावत्या आकड्यांच्या मुळाशी एक कागद आहे: नमुना १७ सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष यंत्राचं ‘क्लोज’ बटण दाबतात आणि एकूण मतं या कागदावर लिहितात. यंत्राचा क्रमांक, यादीतले मतदार, नोंदवहीत सही केलेले मतदार, यंत्रात पडलेली मतं. मोजणीच्या दिवशी याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात उमेदवारवार मतं भरली जातात. पाचचा निरोप, रात्रीची टक्केवारी, टीव्हीची पट्टी हे सगळं नंतरचं.

पुढच्या निवडणुकीत तुम्ही कुठल्याही पक्षाचे, कुठल्याही उमेदवाराचे मतदान प्रतिनिधी म्हणून बसलात, तर शेवटचा मतदार बाहेर पडेपर्यंत उठू नका. घरी जेवण थांबलेलं असेल, दिवसभर बसून पाठ धरलेली असेल, तरी थांबा. १७ सीची प्रत मागा, आकडे यंत्राशी ताडून बघा, आणि मोजणी संपेपर्यंत ती जपून ठेवा. त्यासाठी अर्ज लागत नाही, पैसे लागत नाहीत. मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला पोच घेऊन ही प्रत देणं केंद्राध्यक्षांवर नियमाने बंधनकारक आहे.